पिंपरीचे पेनिसिलिन : अनेक हातांचे काम

पुणे-मुंबई लोहमार्गावरील पिंपरी हे १९५० च्या सुमारास पवना नदीच्या काठी वसलेले एक लहान गाव होते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत गावालगत उभी राहत होती आणि तिच्या पलीकडे शेते होती. या ठिकाणी केंद्र शासनाने मार्च १९५४ मध्ये 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन केली. स्वतंत्र भारतातील सार्वजनिक क्षेत्रातील ही पहिली औषधनिर्मिती कंपनी होय. १९५५ मध्ये तेथून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. पंचक्रोशीत 'एच. ए. कंपनी' याच नावाने ती परिचित झाली व तिच्या कामगारांची वसाहत आजही 'एच. ए. कॉलनी' म्हणूनच ओळखली जाते. पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा आज वाहनांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच पट्ट्यात मोटारींचे मोठे कारखाने येण्यापूर्वी एका बुरशीची शास्त्रशुद्ध शेती सुरू झाली होती, याचा मात्र अनेकांना विसर पडला आहे.

पेनिसिलिनचा शोध कोणी लावला, असा प्रश्न शालेय परीक्षेत विचारला जातो आणि त्याचे एका नावाचे उत्तर अपेक्षित असते. ते उत्तर चूक नाही. परंतु त्यावर समाधान मानल्यास औषध गावातील रुग्णापर्यंत कसे पोहोचले हे कळत नाही. त्यासाठी ही साखळी प्रारंभापासून तपासावी लागते.

प्रयोगशाळेतून खरबुजाकडे

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात सप्टेंबर १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतूंच्या एका बशीत बुरशी वाढलेली दिसली व तिच्याभोवतालचे जंतू नाहीसे झालेले आढळले. हे निरीक्षण त्यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. क्रॅडॉक आणि रिडली या त्यांच्या दोन सहायकांनी तो द्रव दाट व शुद्ध करण्याची खटपट केली, पण पदार्थ अतिशय नाजूक असल्याने हाती फारसे लागले नाही.

१९३० मध्ये शेफील्ड येथील सेसिल पेन या तरुण डॉक्टरने याच बुरशीच्या कच्च्या अर्काने नवजात अर्भकाच्या डोळ्यांचा संसर्ग बरा केला. पेनिसिलिनने रोगी बरा झाल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. तथापि पेन यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला नाही. त्यांच्या कामाची कागदपत्रे अभ्यासकांनी उजेडात आणली ती थेट १९८० नंतरच्या दशकात. काम झाले, गुणही आला. पण नोंद जगापुढे गेली नाही म्हणून पुढच्या माणसाला त्याचा उपयोग झाला नाही. दप्तर ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढचे पाऊल ऑक्सफर्डमध्ये पडले. हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांनी १९३९ पासून या पदार्थाचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. त्यांच्या गटातील नॉर्मन हीटली यांनी पेनिसिलिन द्रवातून वेगळे काढून पुन्हा पाण्यात आणण्याची युक्ती शोधली. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना घातक जंतू टोचण्यात आले व त्यांपैकी चारांना पेनिसिलिन देण्यात आले. ते चार जगले, उरलेले चार मेले. युद्धामुळे साधनांची टंचाई होती. बुरशी वाढविण्यासाठी रुग्णालयातील शौचपात्रे, दुधाच्या चरव्या, बिस्किटांचे डबे असे मिळेल ते भांडे वापरले जाई. अखेरीस हीटली यांनी स्वतः चपट्या भांड्यांचा नमुना आखला आणि स्टॅफर्डशायरमधील कुंभारकामाच्या एका कारखान्याने ती भांडी घडवून दिली. त्या भांड्यांची निगा राखण्यासाठी सहा तरुणी नेमण्यात आल्या. त्यांची नावे पाठ्यपुस्तकांत नाहीत, परंतु त्यांनी पिकविलेल्या द्रवाखेरीज पुढील एकही प्रयोग झाला नसता.

फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला हे औषध टोचण्यात आले. त्याची प्रकृती झपाट्याने सुधारली. साठा अपुरा होता, म्हणून त्याच्या मूत्रातून बाहेर पडणारे पेनिसिलिन गोळा करून पुन्हा वापरले गेले. तरीही औषध संपले आणि मार्चमध्ये तो मरण पावला. ज्ञान हाती आले होते, उत्पादन आले नव्हते.

त्याच वर्षी फ्लोरी व हीटली अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे शेतमालाचा औद्योगिक उपयोग शोधणारी एक शासकीय प्रयोगशाळा होती. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारा चिकट द्रव तेथे मुबलक असे. तो बुरशीला घालताच उत्पन्न कित्येक पटींनी वाढले. मग अधिक उत्पन्न देणाऱ्या बुरशीचा शोध सुरू झाला. जगाच्या कानाकोपऱ्यातून मातीचे नमुने मागविण्यात आले, आणि १९४३ मध्ये उत्तम वाण मिळाले ते पिओरियाच्याच बाजारातील एका सडक्या खरबुजावर. मेरी हंट या प्रयोगशाळेतील सहायिकेचे नाव या खरबुजाशी जोडले जाते. या वाणावर पुढे क्ष-किरणांचे व अतिनील किरणांचे प्रयोग झाले आणि खोल टाक्यांत हवा खेळवून बुरशी वाढविण्याची पद्धत कारखान्यांनी बसविली.

१९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना विभागून मिळाले. नियमाप्रमाणे तीनच व्यक्तींना ते देता येते. हीटली यांना ऑक्सफर्ड विद्यापीठाने वैद्यकशास्त्राची सन्माननीय पदवी दिली, ती १९९० मध्ये.

पिंपरीपर्यंतचा मार्ग

स्वातंत्र्याच्या वेळी भारत पेनिसिलिनसाठी प्रामुख्याने आयातीवर अवलंबून होता. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक मेजर जनरल साहिब सिंग सोखी यांचा आग्रह असा की, औषध विकत घेणे व औषध तयार करण्याची विद्या मिळविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि देशाला दुसरी हवी आहे. पुढे सोखी जागतिक आरोग्य संघटनेत साहाय्यक महासंचालक झाले व तेथूनही त्यांनी या विचाराचा पाठपुरावा केला. १९५१ मध्ये भारत सरकार, युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्यात करार झाला. यंत्रसामग्री युनिसेफने द्यावी, तज्ज्ञ व प्रशिक्षण जागतिक आरोग्य संघटनेने पुरवावे आणि उरलेला भार भारताने उचलावा, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप होते.

यातील मर्म प्रशिक्षणात आहे. यंत्रे पैशाने येतात. पण बुरशीच्या रंगावरून व वासावरून ती निरोगी आहे की नाही हे ओळखणारी नजर माणसाने माणसाकडून घ्यावी लागते. खाजगी परदेशी कंपन्या आपली विद्या सहसा गुपित ठेवीत. येथे ती उघडपणे देण्याघेण्याची होती. १९५८ पासून कारखान्याने 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन' हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले, हेही याच भूमिकेला धरून होते. सेसिल पेन यांच्याकडून राहून गेले ते पिंपरीने नियमाने केले.

स्थळही सोयीचे होते. मुंबई बंदर व पुणे शहर यांना जोडणारा लोहमार्ग दाराशी होता, पवनेचे पाणी जवळ होते आणि १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पाषाण येथे थोड्याच अंतरावर होती.

टाकीच्या पोटात

पेनिसिलिन कसे तयार होते हे थोडे तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल, कारण अनेकांच्या सहकार्याशिवाय जे होऊच शकत नाही अशा कामाचा हा नमुना आहे.

आरंभ काचेच्या लहान नळीतील चिमूटभर बुरशीने होतो. निवडक वाण वर्षानुवर्षे जसेच्या तसे जपणे हे एका स्वतंत्र विभागाचे काम असते. हे वाण आधी चंबूत, मग लहान टाकीत व अखेरीस हजारो लिटरांच्या मोठ्या टाकीत वाढवितात. टाकीत साखर, मक्याचा द्रव, क्षार असे खाद्य असते. बुरशीला प्राणवायू लागतो, म्हणून रात्रंदिवस हवा सोडावी लागते. आणि ती हवा पूर्णपणे निर्जंतुक असावी लागते. वाढत्या बुरशीतून उष्णता निघते, म्हणून टाकीभोवती थंड पाणी फिरवून तापमान सुमारे २५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. फेस आला तर तो शमवावा लागतो. आम्लता ठराविक मर्यादेत ठेवावी लागते. असे पाच-सहा दिवस चालते.

या पाच-सहा दिवसांत बाहेरचा एखादा जंतू टाकीत शिरला, तर तो नुसते खाद्य खाऊन थांबत नाही. अनेक जंतू पेनिसिलिनचाच नाश करणारा पदार्थ सोडतात. मग सारी टाकी गटारात ओतावी लागते. हा जंतू झडपेच्या सैल वेष्टनातून शिरू शकतो, नीट न वाफवलेल्या नळीच्या कोपऱ्यातून शिरू शकतो, हवेच्या गाळणीतील ओलाव्यातून शिरू शकतो. म्हणजे वाण राखणाऱ्या शास्त्रज्ञाचे महिन्यांचे श्रम बाष्पित्र चालविणाऱ्याच्या अर्ध्या तासाच्या वाफेवर अवलंबून असतात. रात्रपाळीच्या कामगाराने नोंदवहीत तापमानाचा आकडा पाहून लिहिला की अंदाजाने लिहिला, यावर सकाळच्या रसायनज्ञाचा निर्णय ठरतो.

टाकी पिकल्यावर बुरशी गाळून वेगळी करतात. उरलेला द्रव थंड करून आम्लधर्मी करतात व त्यातील पेनिसिलिन सेंद्रिय द्रावकात ओढून घेतात. येथे घाई करावी लागते, कारण आम्लात पेनिसिलिन टिकत नाही. मग ते पुन्हा पाण्यात आणून त्याचे स्फटिक बनवितात. हीटली यांची १९४० मधील युक्ती ती हीच, केवळ काचेच्या नळीऐवजी पोलादी यंत्रात. शेवटी निर्जंतुक खोलीत कुप्या भरल्या जातात आणि प्रत्येक घाण्यातील नमुने तपासूनच माल बाहेर सोडला जातो.

पिंपरी परिसरात अशी शिस्त अंगी बाणलेले कामगार, जोडारी व तंत्रज्ञ तयार होऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व त्याच्या वसाहतींतून वाहने, यंत्रे व सुटे भाग यांचे कारखाने वाढले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे एकत्र येऊन नगरपालिका झाली. १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. पुढे हा विस्तार, एकेकाळी संग्रामदुर्ग किल्ल्यासाठी व कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणपर्यंत पोहोचला. या साऱ्याचे श्रेय एकट्या औषध कारखान्याला देणे अतिशयोक्तीचे होईल. आरंभीच्या मोजक्या मोठ्या कारखान्यांपैकी तो एक होता, एवढे निश्चित.

पिंपरीची माती

घेतलेल्या विद्येत स्वतःची भर घातली गेली, ही या कारखान्याच्या इतिहासातील विशेष समाधानाची बाब. डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील संशोधन विभागात १९६१ मध्ये 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधून काढले. कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून औषधाचे नाव पडले, आणि ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात 'पिंप्रिना' हा शब्द आला. पवनाकाठच्या गावाचे नाव अशा रीतीने जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात नोंदले गेले. पाठोपाठ पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी 'ऑरिओफंजिन' हेही येथेच तयार झाले. परिसरातील शिक्षकांनी हा मजकूर विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा. फ्लेमिंग यांच्या खिडकीइतकाच तो त्यांना जवळचा आहे.

साखळी सैल झाली

या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १९९० नंतर खुल्या आयातीच्या धोरणात स्वस्त परदेशी माल येऊ लागला. कंपनी तोट्यात गेली व १९९७ मध्ये तिचे प्रकरण आजारी उद्योगांच्या पुनर्रचना मंडळाकडे गेले. देशातील इतर कारखान्यांनाही चिनी दरांशी स्पर्धा करणे जमेना. बुरशीपासून मूळ पेनिसिलिन बनविण्याचे काम पुढील काळात भारतात जवळपास थांबले आणि गोळ्या-इंजेक्शनांसाठी लागणारा कच्चा माल चीनमधून येऊ लागला.

कोरोनाच्या साथीत, २०२० मध्ये, या परावलंबनाची जाणीव तीव्रतेने झाली व केंद्र शासनाने औषधांच्या मूळ घटकांसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना जाहीर केली. तिच्या अंतर्गत आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे २०२४ मध्ये पेनिसिलिन-जी चे उत्पादन पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात इमारती उभ्या होत्या, पुस्तके उपलब्ध होती. खंड पडला तो वाण जपणाऱ्या, टाकी सांभाळणाऱ्या व नवख्याला शेजारी उभे करून शिकविणाऱ्या माणसांच्या परंपरेत; आणि ती पुन्हा उभी करण्यास यंत्रांपेक्षा अधिक काळ लागतो.

शेवटचा हात

औषध कारखान्याच्या दारातून बाहेर पडले म्हणजे काम संपले असे नाही. यॉज या कातडी व हाडे विद्रूप करणाऱ्या रोगावर लांब पल्ल्याच्या पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरेसे होते. हा रोग महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या दुर्गम, आदिवासी भागांत होता. प्रश्न औषधाच्या गुणाचा नव्हता. डोंगरातील शेवटच्या वस्तीवर जाऊन रुग्ण शोधण्याचा होता. आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर शोध घेतला, रुग्णाबरोबर त्याच्या संपर्कातील व्यक्तींनाही औषध दिले. २००३ नंतर देशात नवा रुग्ण आढळला नाही आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला यॉजमुक्त घोषित केले.

असेच एक काम आज प्रत्येक तालुक्यात शिल्लक आहे. ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांचा घसा एका विशिष्ट जंतूमुळे दुखतो, त्यावर उपचार होत नाहीत आणि काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप व सांधेदुखी सुरू होते. यालाच ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. दुखणारे सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. दाट वस्तीच्या कोंदट घरांत हा रोग अधिक पसरतो, म्हणून कामगारवस्त्यांनी वेढलेल्या औद्योगिक पट्ट्यात त्याकडे अधिक लक्ष हवे. विशेष असे की, इतर कित्येक जंतू पेनिसिलिनला दाद देईनासे झाले असले, तरी घशाचा हा जंतू ऐंशी वर्षांनंतरही त्याला बळी पडतो.

एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे लागते, तेही वर्षानुवर्षे. इंजेक्शन दुखते. तोपर्यंत मूल खेळू-बागडू लागलेले असते, त्यामुळे पालकांना त्याची आवश्यकता वाटेनाशी होते. आईवडील रोजंदारीवर असतील तर एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. कुटुंब गावी गेले किंवा भाड्याची खोली बदलली की नोंद तुटते. औषधाची ॲलर्जी होईल या भीतीने काही ठिकाणी इंजेक्शन देण्याचेच टाळले जाते. वास्तविक ते आवश्यक तयारी असलेल्या आरोग्य केंद्रात, वैद्यकीय देखरेखीखाली द्यावे असा उपाय त्यावर आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. त्याच्या तपासणीत ऱ्हुमॅटिक हृदयरोगाचा समावेश आहे. शाळेत वर्षातून एकदा व अंगणवाडीत दोनदा पथक येते. उरलेल्या दिवसांत मुलाला पाहतो तो वर्गशिक्षक. धावताना दम लागून खाली बसणारे मूल, घसादुखीनंतर आज गुडघा व उद्या घोटा दुखतो असे सांगणारे मूल प्रथम त्याच्याच दृष्टीस पडते. अशा मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठविणे, इंजेक्शनची पुढील तारीख हजेरीपटाच्या कडेला लिहून ठेवणे, शाळा बदलताना दाखल्यासोबत आरोग्याचे कार्ड गेले की नाही हे पाहणे, यासाठी स्वतंत्र तरतूद लागत नाही. ग्रामपंचायतीच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला आपल्या मासिक बैठकीत एवढेच विचारता येईल : गावात अशी मुले किती आहेत, आणि या महिन्यात कोणाचे इंजेक्शन चुकले?

दुसरी बाजू अनावश्यक वापराची. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात, असा इशारा स्वतः फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात दिला होता. त्या इशाऱ्याची प्रचिती आता येत आहे. २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक आहे आणि २०१६ पासून अशा औषधांच्या वेष्टनावरील तांबड्या रेषेविषयी लोकशिक्षण सुरू आहे. सर्दी-पडशावर ही औषधे चालत नाहीत, कारण ते विकार बहुधा विषाणूंमुळे होतात. दुकानदाराने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून गोळ्या न देणे आणि रुग्णाने बरे वाटू लागताच उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यासाठी राखून न ठेवता डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेणे, ही त्याच साखळीतील कामे आहेत. १९४१ मध्ये औषध संपले म्हणून एक शिपाई दगावला. आता औषध हाताशी असूनही लागू पडत नाही म्हणून रुग्ण दगावण्याचे प्रसंग रुग्णालयांत येऊ लागले आहेत.